माथेरानच्या जुन्या हॉटेलला आधी छप्पर द्या, फॉल्स सिलिंग नंतर बघू

माथेरानला कुठे राहायचं, असं मला सतत कुणी ना कुणी विचारतं. ऑफिसातले विचारतात, सोसायटीतले विचारतात, लग्नात भेटलेल्या मावश्या विचारतात, कारण आमच्या घरात माथेरान म्हणजे ठरलेली गोष्ट आहे, ठाण्याहून कर्जत लोकल पकडायची, नेरळला उतरायचं, टॅक्सीनं दस्तुरीपर्यंत, म्हणजे गाड्या जिथे थांबतात तिथपर्यंत जायचं, तिथून अमन लॉज स्टेशनची छोट्या ट्रेनची शटल मिळाली तर शटल नाहीतर बॅगा हमालाकडे देऊन सरळ चालत सुटायचं. आणि राहायचं शक्यतो एखाद्या जुन्या हॉटेलात. यावेळी दिवाळीनंतर गेलो, मी, नवरा, आई आणि आठवीतली लेक, आणि जिथे उतरलो त्या हॉटेलबद्दल नीट लिहायचं ठरवलंय. नाव लिहिणार नाही. त्यांचं नुकसान करायची इच्छा नाही, आणि जे लिहितेय ते वरच्या बऱ्याच जुन्या हॉटेलांना जसंच्या तसं लागू आहे.

माझं रोजचं काम बिल्डिंग रिपेअरिंगचं. नौपाडा, चरई, पाचपाखाडी या भागातल्या जुन्या सोसायट्यांची गळती, पडणारं प्लास्टर, टेरेसचं वॉटरप्रूफिंग, हे सगळं मी बघते, त्यामुळे कुठेही गेले तरी पहिली नजर छताच्या कोपऱ्यात जाते.

हॉटेलची वास्तू शंभरी ओलांडलेली. मुळात कुणाचा तरी उन्हाळ्यात येऊन राहायचा बंगला, मग त्याचं हॉटेल झालं, मग मागे एक विंग वाढली, मग अजून काही खोल्या. माथेरानची अशी बरीच घरं आहेत. ठाणेकरांनी लक्षात ठेवावी अशी गोष्ट म्हणजे 1850 मध्ये ज्या साहेबानं या डोंगराकडे पहिल्यांदा राहण्याच्या दृष्टीनं बघितलं तो ह्यू मॅलेट तेव्हा आपल्या ठाणे जिल्ह्याचा कलेक्टर होता. पुढे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन आला, प्लॉट पडले, पारशी, बोहरी, गुजराती, इंग्रज अशा सगळ्यांनी बंगले बांधले, आणि 1907 मध्ये पीरभॉय कुटुंबानं नेरळहून ती दोन फुटी गेजची छोटी रेल्वे वर आणली, 21 किलोमीटरची. त्या आधी लोक पालखीतून आणि घोड्यावरून वर यायचे आणि एकदा आले की उन्हाळाभर राहायचे. हे सांगायचं कारण म्हणजे ही घरं एका रात्रीच्या पाहुण्यासाठी बांधलेलीच नव्हती. महिना महिना राहणाऱ्या माणसांसाठी बांधली होती, आणि ते आजही अंगाला जाणवतं.

म्हणजे बघा, व्हरांडा. तिन्ही बाजूंनी दहा-बारा फूट रुंद, जांभ्याच्या जोत्यावर, पुढे लाकडी खांब, खाली लाल फरशी आणि वेताच्या आरामखुर्च्या. आई पहिल्या सकाळी चहा घेऊन तिथे बसली ती जेवायची घंटा होईपर्यंत उठलीच नाही. तिच्या गुडघ्यांमुळे तिला पॉइंट बघायला जमत नाही, शार्लट लेकपर्यंतसुद्धा नाही, पण त्या व्हरांड्यात तिला शेकरू दिसलं, घोडे जाताना दिसले, शेजारच्या खोलीतल्या आजींशी तिची ओळख झाली आणि दोघींनी मिळून कुणाकुणाच्या सुनांची चर्चा केली. नवीन हॉटेलांत खोलीचं दार उघडलं की बंद कॉरिडॉर असतो, तिथे कोण कुणाला भेटणार? खोलीची उंची चौदा फुटांच्या आसपास, वर झरोके, समोरासमोर खिडक्या, कौलांच्या फटींतून गरम हवा आपोआप बाहेर. दुपारी पंखासुद्धा लावावा लागला नाही. हे ज्यांनी बांधलं त्यांना हवा कळत होती, आणि कुणी काहीही म्हणो, मला त्या मिस्त्री-सुतारांबद्दल मनापासून आदर वाटतो.

आता खोलीबद्दल.

दार उघडल्याबरोबर ओलीचा वास. पाऊस संपून महिना उलटलेला, बाहेर लख्ख ऊन, आणि पश्चिमेच्या भिंतीला हात लावला तर गार आणि दमट. खाली कमरेच्या उंचीपर्यंत रंगाचे पोपडे, त्यांच्यामागे पांढरी मिठासारखी पावडर. ठाण्यात हे मी रोज बघते पण इथे कारण वेगळं आहे आणि ते समजून घ्यायला हवं. जुनी भिंत जांभ्याची, जोडाई आणि गिलावा चुन्याचा. जांभा सच्छिद्र असतो, तो पावसात पाणी पितो, आणि चुना त्या पाण्याला परत बाहेर जायला वाट देतो, म्हणजे भिंत चार महिने भिजते आणि आठ महिने वाळते, असा तिचा हिशोब ठरलेला. कुणीतरी कधीतरी "चुना फार झडतो" म्हणून तो खरवडून काढला, वर सिमेंटचं प्लास्टर मारलं आणि त्यावर छान चमकणारा प्लास्टिक पेंट दिला. आता भिंतीत शिरलेलं पाणी बाहेर निघायचं कुठून? ते आतच राहतं, क्षार घेऊन पेंटच्या मागे येतं आणि पेंटला ढकलतं. मग दर सीझनच्या आधी पोपडे खरवडून पुट्टी, परत पेंट. माझ्या अंदाजानं त्या एका भिंतीवर आजवर जेवढा पेंट लागला असेल त्या पैशात चुन्याचं काम होऊन गेलं असतं. आणि चुन्याचं काम करणारे कारागीर अजून मिळतात, आपल्याकडे जुन्या वाड्यांच्या आणि देवळांच्या दुरुस्तीत गूळ, बेलफळ, हिरडा घालून चुना मळतात, ती काही हरवलेली विद्या नाही.

आणि त्या चौदा फुटी खोलीला त्यांनी नऊ फुटांवर पीओपीचं फॉल्स सिलिंग केलंय. एसीसाठी. माथेरानमध्ये एसी! झरोके त्याच्या वर गेले, म्हणजे हवा खेळायची बंद. वर कौलातून गळणारं पाणी पूर्वी जमिनीवर पडायचं, दिसायचं, कुणीतरी बादली ठेवायचं आणि ऊन पडलं की माणूस वर चढून कौल बदलायचा. आता ते पाणी सिलिंगवर साठतं, कुणाला दिसत नाही, वासे आतून कुजतात आणि वाळवीला मोकळं रान. एका कोपऱ्यात पिवळा डाग होता ताटाएवढा. रात्री वर उंदरांची पळापळ, लेक आमच्या दोघांच्या मध्ये येऊन झोपली.

छपराचं बघायला मी दुसऱ्या दिवशी मागच्या बाजूला गेले. तिथल्या माणसानं अडवलं नाही, उलट स्वतः शिडी धरली. मंगलोरी कौलं आहेत, जुनी, जाड, खालच्या बाजूला कारखान्याचा ठसा असलेली. ही कौलं आपल्याकडे आली ती मंगलोरला बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेनं 1865 मध्ये कारखाना काढला त्यानंतर, आणि चांगली भाजलेली कौलं आजही सहज टिकतात. फुटतात ती माकडांमुळे. वानरं एका झाडावरून छपरावर उडी मारतात, दोन-चार कौलं तडकतात, हे रोजचंच. म्हणून दर मे महिन्यात कौलं चाळायची असतात, म्हणजे उतरवायची, झाडायची, फुटकी बाजूला काढायची, रीपा, म्हणजे कौलांखालच्या लाकडी पट्ट्या, तपासायच्या आणि कौलं परत बसवायची. इथे ते काम बरीच वर्षं पूर्ण झालेलंच नाही. पावसाच्या तोंडावर निळी ताडपत्री टाकायची, वर दगड ठेवायचे, झालं. एका भागावर तर कौलांच्या जागी सरळ पत्रे आलेत. आणि पन्हळ! अर्धी पन्हळ पानांनी भरलेली, अर्धी गायब, त्यामुळे सगळ्या छपराचं पाणी थेट भिंतीच्या पायाशी पडतं. आमच्या खोलीची भिंत का ओली याचं अर्धं उत्तर तिथेच मिळालं.

बाथरूमबद्दल दोन गोष्टी सांगायच्यात, एक जुनी, एक आजची. जुनी अशी की बाथरूमला मागच्या बाजूनं अजून एक दार होतं, आता कुलूपबंद, वर रंग फासलेला. लेकीनं विचारलं हे कशाला. मी तिला सांगितलं. त्या काळच्या बंगल्यांत फ्लश नव्हते, मैला साफ करायला येणाऱ्या माणसानं मागून यायचं, मागून जायचं, घरातल्यांच्या नजरेला पडायचं नाही, म्हणून ते दार. त्या सुंदर व्हरांड्याइतकंच ते दारही या वास्तूचा भाग आहे आणि हेरिटेज म्हणून घर दाखवायचं तर हेही दाखवायला पाहिजे असं मला वाटतं. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "त्यांच्यासाठी बाथरूम कुठे होतं मग?" मला उत्तर देता आलं नाही.

आजची गोष्ट जास्त तातडीची आहे. गिझर चालू असताना नवऱ्यानं नळाला हात लावला तर बोटांना मुंग्या आल्या. त्यानं लगेच बटण बंद केलं आणि आम्ही कुणालाच आत जाऊ दिलं नाही. ओल्या भिंतीतून गेलेली जुनी वायर, अर्थिंगचा पत्ता नाही, आणि वरून एसी आणि गिझरचा लोड. खोलीबाहेरच्या बोर्डात एमसीबी होते, आरसीसीबी नव्हता. साधी भाषा वापरते, एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो, माणसाला शॉक बसताना सप्लाय तोडतो तो आरसीसीबी, 30 मिलिअँपिअरचा. तो बसवायला भिंत फोडावी लागत नाही, वास्तू बिघडत नाही, हेरिटेजचा प्रश्न येत नाही. मुंबई-ठाण्यात कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो. पेंटिंगच्या आधी हे व्हायला पाहिजे होतं. मी रिसेप्शनवर सांगितलं तेव्हा त्यांनी गिझर काढून ठेवतो म्हणून सांगितलं आणि खरंच थोड्या वेळात माणूस येऊन कनेक्शन तोडून गेला.

त्यानंतर आमची अंघोळ सांभाळली ती तिथल्या काकांनी. नेरळच्या बाजूचे, कित्येक वर्षं इथेच कामाला. मागच्या पडवीत तांब्याचा बंब आहे, पहाटे पाचला पेटवतात, आणि प्रत्येक खोलीत बादलीनं गरम पाणी पोचवतात. आईनं "अहो भाऊ, राहू द्या, आम्ही नेतो" म्हटलं तर म्हणाले, "मावशी, पायरी ओली हाय, तुमी बसा." आईला ब्लँकेट जड होतं हे न सांगता ओळखून त्यांनी पातळ गोधडी आणून दिली. जेवताना लेकीला वांगं आवडत नाही हे एकदा बघितलं आणि पुढच्या वेळेला तिच्या ताटात बटाट्याची भाजी. या हॉटेलात लोक परत येतात ते अशा माणसांमुळे, आणि वास्तूत जे जे बिघडलंय ते सगळं हीच माणसं आपल्या पायांनी भरून काढतात. गिझर नाही म्हणून बादल्या, छप्पर गळतं म्हणून रात्री उठून पातेली, वायर जळाली म्हणून मेणबत्त्या. मालकाच्या वहीत या कष्टांचा खर्च कुठेच दिसत नाही म्हणून दुरुस्ती महाग वाटते.

जेवणाच्या हॉलमध्ये बाकीच्या गेस्टशी गप्पा झाल्या. पार्ल्याचं एक रिटायर्ड जोडपं होतं, लग्न झाल्यावर इथेच आले होते, त्यांना एकही खुर्ची हललेली नको. आजोबा म्हणाले, ओल तर तेव्हाही होती हो. आणि खारघरचं एक तरुण जोडपं, सोबत वर्षाचं बाळ. त्यांना मिळालेल्या खोलीत गादीमागे काळी बुरशी होती, बाळ रात्रभर खोकलं, त्यांनी भांडून खोली बदलून घेतली. ती मुलगी जवळजवळ रडवेली होऊन सांगत होती की आम्ही फोटोत व्हरांडा बघून बुक केलं, हेरिटेज म्हणून जास्तीचे पैसे दिले. आजोबांचं म्हणणं आजकालच्या पिढीला सगळं चकाचक लागतं. मला ते अजिबात पटलं नाही आणि मी तिथेच बोलले. बाळाला श्वास घेता येईल अशी खोली मागणं म्हणजे चकाचक मागणं होत नाही. जुनेपण वेगळं आणि नादुरुस्ती वेगळी. ती वेताची खुर्ची जुनी आहे, तो बुरशीचा डाग जुना नाही, तो गेल्या पावसाळ्यातला आहे. शंभर वर्षांपूर्वी ही खोली कोरडी होती, हवेशीर होती, तशी परत करणं हीच खरी जपणूक.

निघायच्या आदल्या संध्याकाळी मॅनेजरशी बोलले. पस्तिशीतला मुलगा, मालक मुंबईत असतात. मला वाटलं तो विषय टाळेल, पण तो खुर्ची ओढून बसला. म्हणाला, "मॅडम, पावसाळ्यात हॉटेल बंद असतं तेव्हा मजूर नेले तरी छप्पर उघडता येत नाही. आणि छप्पर उघडता येतं ऑक्टोबर ते मे, तेव्हाच आमची दिवाळी, ख्रिसमस, मेची सुट्टी. आठ महिन्यांत वर्षाचा पगार काढायचा असतो." हे ऐकल्यावर मला त्या फॉल्स सिलिंगचं कारण कळलं. ते दोन आठवड्यांत, खोली खोली करून, गेस्ट असतानासुद्धा करता येतं आणि फोटोत दिसतं. छप्पर फोटोत दिसत नाही.

दुसरी अडचण सामानाची. माथेरानमध्ये गाड्या नाहीत, ॲम्ब्युलन्स, थोड्या ई-रिक्षा वगैरे सोडून. वाळू, चुना, कौलं, सागाची तुळई, सगळं दस्तुरीपासून घोड्यावर नाहीतर हातगाडीवर. ठाण्यात मी ज्या भावात प्लास्टर करून घेते तो भाव इथे विसरायचा. शिवाय 2003 पासून माथेरान इको सेन्सिटिव्ह झोन आहे, बांधकामावर बंधनं आहेत. हे बंधन मला बरोबरच वाटतं, ते नसतं तर आज तिथे लोणावळ्यासारख्या काँक्रीटच्या रांगा उभ्या असत्या. पण त्याचा एक परिणाम असा होतो की काही मालक परवानग्यांच्या भीतीनं साध्या दुरुस्तीलाही हात लावत नाहीत. कौल बदलून तसंच कौल बसवणं, चुन्याच्या जागी चुना लावणं, यात नवीन बांधकाम काहीच नाही. पालिकेनं एवढं जरी साध्या मराठीत छापून प्रत्येक जुन्या हॉटेलाला दिलं की हे करता येतं, हे विचारून करा, हे चालणार नाही, तरी निम्मं काम होईल.

वाट बघत बसलं तर काय होतं ते आपल्याला मुंबईत काळा घोड्याला दिसतं. वॉटसन्स हॉटेल, आताचं एस्प्लनेड मॅन्शन. 1860 च्या दशकात ओतीव लोखंडाचा अख्खा सांगाडा इंग्लंडमध्ये तयार करून जहाजानं आणला आणि इथे जोडला. 7 जुलै 1896 ला ल्युमिएर बंधूंचा सिनेमा भारतात पहिल्यांदा दाखवला गेला तो त्याच हॉटेलात. पुढे हॉटेल बंद पडलं, आत छोटी छोटी ऑफिसं आणि खोल्या पडल्या, पार्टिशनं झाली, कुणीच एका हातानं दुरुस्ती केली नाही, 2005 मध्ये बाल्कनीचा भाग कोसळला आणि शेवटी धोकादायक म्हणून ती इमारत रिकामी करावी लागली. एवढं महत्त्वाचं हॉटेल असूनही. मग माथेरानच्या एका बंगल्याचं कोण बघणार, त्याची बातमीसुद्धा होणार नाही, एका पावसाळ्यात मागची भिंत बसेल आणि पुढच्या वर्षी तिथे रिकामा प्लॉट असेल.

मी मॅनेजरला कामाचा क्रम लिहून दिला. सगळ्यात आधी आरसीसीबी आणि अर्थिंग, हे याच महिन्यात. मग पन्हळी आणि पायाशी दगडी गटार, म्हणजे भिंतीवर पडणारं पाणी तोडायचं. मग एका वेळी एकच विंग बंद ठेवून जानेवारी-फेब्रुवारीत छप्पर उघडायचं, तेव्हा गर्दी कमी असते, कुजलेले वासे बदलायचे, कौलं चाळायची. सिमेंटचं प्लास्टर त्यानंतर काढायचं आणि भिंतीला एक अख्खा उन्हाळा नुसतं वाळू द्यायचं, घाई करून चुना लावला तर तोही झडेल आणि मग सगळे म्हणतील बघा, चुना टिकत नाही. फॉल्स सिलिंग काढलं की झरोके आपोआप मोकळे. गेस्टना स्वच्छ सांगायचं की मागच्या बाजूला काम चालू आहे, भाडं थोडं कमी घ्यायचं. माझा अनुभव असा आहे की सोसायटीत परांची लागली की लोक कुरकुरतात, पण काम का चाललंय हे नीट सांगितलं तर तेच लोक चहा पाठवतात. त्यानं कागद खिशात ठेवला, मालकांना फोटो पाठवतो म्हणाला. परवा त्याचा फोन आला होता, पन्हळीचं कोटेशन मागवलंय, आणि मागची विंग जानेवारीत बंद ठेवायची परवानगी मालकांनी दिलीय. आरसीसीबीचं विचारलं तर म्हणाला इलेक्ट्रिशियन नेरळहून यायचाय. मी म्हटलं तो येईपर्यंत एकाही खोलीत गिझर लावू नका, आणि हे मी दर आठवड्याला फोन करून विचारणार आहे.

तर तुम्ही एखाद्या जुन्या हॉटेलात जाणार असाल तर जा, नक्की जा, आपण गेलो नाही तर ती बंद पडतील. फक्त बुकिंगच्या वेळी फोनवर विचारा की खोली कुठल्या बाजूला आहे, पावसाचा मारा नैऋत्येकडून असतो त्यामुळे दक्षिण-पश्चिमेच्या खोल्या सगळ्यात ओल्या, त्याऐवजी पूर्वेची मागा. लहान बाळ असेल तर पोचल्यावर सामान उघडायच्या आधी गादी उचलून मागची भिंत बघा. गिझरला आरसीसीबी आहे का विचारा, आणि समोरच्याला तो शब्द कळला नाही तर बंबाचं पाणी मागा.